आधी काट्यापाशी उभं राहा: नव्या प्रॉडक्टची साधी पहिली आवृत्ती कशी काढावी

कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी पाच-साडेपाचला आमच्या अमळनेर तालुक्यातल्या कुठल्याही शेताच्या बांधावर जा. निंबाच्या फांदीला काटा टांगलेला असतो. बाया डोक्यावरची गाठोडी उतरवतात, मालक किंवा त्याचा मुलगा काट्याकडे बघून आकडा ओरडतो, कुणीतरी तो वहीत उतरवतं. दोन-तीन गाठोडी झाली की एखादी विचारते, "मना तोल कितला व्हयना?" म्हणजे, माझं वजन किती भरलं? आकडा ऐकून तिचा चेहरा उतरतो, पण ती गप्प राहते. बोलाचाली होते ती बाजाराच्या दिवशी, पैसे वाटताना.

माझं सगळं काम या एका प्रश्नावर उभं आहे. मी बी.कॉम. झालेली, सहा वर्षं एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, हिशोबखात्यात होते. २०२३ च्या दिवाळीनंतर मी वेचणीच्या तोलाची चिठ्ठी देण्याची सेवा सुरू केली. त्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे अॅप नव्हतं, वेबसाइट नव्हती, कंपनी नव्हती. एक बिलबुक, दोन कार्बन पेपर आणि एक काटा होता. आता कॉलेजची मुलं, बचतगटातल्या ताई, कुणाकुणाचे पुतणे मला विचारतात की ताई, आमच्या डोक्यात एक कल्पना आहे, सुरुवात कुठून करू? त्या सगळ्यांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

पहिल्या आवृत्तीला इंग्रजी आद्याक्षरांत एमव्हीपी (मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट) म्हणतात. अर्थ एवढाच, की माणसाची एक अडचण खरोखर सुटेल एवढंच, कमीत कमी करून त्याच्या हातात द्यायचं आणि त्यातून शिकायचं. आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की पहिली आवृत्ती म्हणजे कच्चं, अर्धवट अॅप. तसं नाही. चिठ्ठी पूर्ण होती. बाईला तिचा तोल पक्का कळत होता. फक्त चिठ्ठीच्या मागे यंत्राऐवजी मी होते.

एकच क्षण निवडा

"शेतमजुरांसाठी काहीतरी" ही कल्पना नव्हे. "वेचणीच्या संध्याकाळी काट्यापाशी" ही कल्पना. क्षण जितका लहान, तितकं काम सोपं. तुमच्या डोक्यात जे आहे त्याला वेळ, जागा आणि माणूस जोडून बघा. जळगावच्या डाळ मिलबाहेर पहाटे चारला रांगेत उभा असलेला ट्रकवाला. रावेरला केळीची कटाई ठरलेली असताना ऐनवेळी टोळी न आलेला शेतकरी. नंदुरबारला पथारीवर मिरची वाळत घातलेली असताना आभाळ भरून आलेला व्यापारी. असा क्षण डोळ्यांपुढे येत नसेल, तर काही बनवायला घेऊ नका. अजून आठ दिवस हिंडा.

हिंडताना काय विचारायचं, हे मला सगळ्यात उशिरा समजलं. मी सुरुवातीला शेतकऱ्यांना विचारायचे, "असं काही निघालं तर वापराल का?" सगळे म्हणायचे, "चांगलं शे, कर." आपल्या भागात दारात आलेल्या लेकीला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. चहा पाजतात, हो म्हणतात, आणि विसरतात. तो त्यांचा चांगुलपणा आहे, पण त्यावर धंदा उभा करता येत नाही.

म्हणून पुढचं विचारू नका, मागचं विचारा. "जिभाऊ, मागच्या बाजाराला पैसे वाटायला किती वेळ लागला?" "कितीजणींनी तक्रार केली?" "मग तुम्ही काय केलंत?" या "मग काय केलंत"मध्ये सोनं असतं. एका जिभाऊंनी (वडीलधाऱ्या शेतकऱ्याला आमच्याकडे असं म्हणतात) सांगितलं की, कटकट नको म्हणून दर आठवड्याला ते दोनेकशे रुपये वरून वाटून देतात. दुसऱ्यांनी सांगितलं, गेल्या साली टोळी मधेच तुटली, नऊ बाया शेजारच्या गावात वेचायला निघून गेल्या आणि त्यांचा कापूस आठ दिवस झाडावर लोंबत राहिला. म्हणजे हा माणूस आत्ताच, आजच, या अडचणीपायी पैसे घालवतोय. ज्या अडचणीवर कुणी वेळ, पैसा किंवा झोप घालवत नाही, तिच्यावरचं उत्तर फुकट दिलं तरी कुणी घेत नाही.

शेतकऱ्याला तोलाची धास्ती का असते, तेही नीट समजून घ्या, नाहीतर तुम्ही एकाच बाजूचे होऊन बसाल. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये होता. आमच्याकडे वेचणी चालली होती किलोला १० रुपयांनी, म्हणजे क्विंटलला हजार रुपये वेचणीतच. त्यात खत, फवारणी, बोंडअळीचा मार. अशा वेळी गाठोड्यातला एक-एक किलो तो मोजणारच.

यादी लिहा, मग खोडा

माझ्या वहीत सुरुवातीला अकरा गोष्टी होत्या. मजुरांची हजेरी, फोटो, शेताचा नकाशा, मोबाईलवरून मजुरी, उचल किती घेतली त्याचा हिशोब, कापसाचा रोजचा भाव, पावसाचा अंदाज, आणखी काय काय. प्रत्येक ओळीपुढे मी एकच प्रश्न लिहिला: हे नसेल तर आज संध्याकाळी काट्यापाशी भांडण होईल का? दहा ओळी खोडल्या गेल्या. उरली ती "तोल झाल्याबरोबर त्याची चिठ्ठी बाईच्या हातात."

खोडताना जीव तुटतो, हे मान्य. उचलीचा हिशोब खोडताना मला फार वाईट वाटलं, कारण ती गरज खरी होती. पण उचल हे मालक आणि मजूर यांच्यातलं जुनं, नाजूक प्रकरण आहे. पहिल्याच दिवशी त्यात हात घातला असता तर दोघांनीही मला बांधावरून परत पाठवलं असतं. गरज खरी आहे, म्हणून ती पहिल्याच आवृत्तीत आली पाहिजे असं नाही.

आठ दिवस सगळं हाताने करा

हा या लेखातला मुख्य भाग आहे.

मी अमळनेरच्या बाजारपेठेतून कोरी बिलबुकं घेतली, एकाआड एक पान कार्बनने उठणारी. वरची प्रत बाईला, खालची मालकाला. काटा स्वतःचा घेतला, इलेक्ट्रॉनिक, टांगता. आपल्या मोजण्यावर पैशाचा व्यवहार होणार असेल तर काट्यावर वैधमापनशास्त्र खात्याची पडताळणी आणि शिक्का हवा, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची ही पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. ते करून घ्या. माझ्यासाठी तो शिक्का कागदी सोपस्कार नव्हता. पहिल्या संध्याकाळी एका आबांनी काटा उलटा करून शिक्का बघितला आणि मगच फांदीला अडकवू दिला.

पहिलं शेत निवडताना मी आमचं घरचं शेत सोडलं. वडील म्हणत होते, इथेच कर. पण तिथे मी मालकाची मुलगी. मी चिठ्ठी दिली काय आणि वडिलांनी आकडा ओरडला काय, बायांच्या लेखी दोन्ही सारखंच. मी मारवडच्या बाजूचं एक शेत घेतलं, जिनिंगमुळे तोंडओळख असलेल्या जिभाऊंचं. पहिल्या आठवड्यात तेवढं एकच शेत आणि नऊ बाया. तुमच्या बाबतीतही पहिले गिऱ्हाईक नात्यातले नकोत. मावसभाऊ तुमचं मन राखायला वापरेल, आणि तुम्ही फसाल.

आता हाताने केल्यामुळे काय कळलं ते सांगते, कारण यातलं काहीही मला घरी बसून सुचलं नसतं.

पहिल्याच संध्याकाळी कळलं की नऊ बायांत एकाच नावाच्या तिघी आहेत. मी आडनाव विचारलं, त्याही सारख्या, एकाच भाऊबंदकीतल्या. मग नंबर दिले. तर एक मावशी म्हणाल्या, नंबर ढोरांना देतात. त्यांचं म्हणणं मला लागलं आणि पटलं. दुसऱ्या दिवशी मी खुणा केल्या. प्रत्येकीने आपली खूण निवडायची आणि मी चिठ्ठीच्या कोपऱ्यात ती काढायची. एकीने चंद्र घेतला, एकीने विळा, एकीने बांगडी, एकीने कपाशीचं बोंड. सातपुड्याकडून आलेल्या एका पावरा आदिवासी बाईने तीन ठिपके सांगितले आणि मी काढते तसे नाहीत म्हणून माझ्या हातातून पेन घेऊन स्वतः काढून दाखवले. वाचता न येणाऱ्या बायासुद्धा आपली चिठ्ठी ढिगातून चटकन उचलू लागल्या. आकडे त्यांना वाचता येत होतेच, बसच्या आणि नोटांच्या सवयीने. म्हणून आकडा मोठा, ठसठशीत. चिठ्ठीचा आराखडा असा तयार झाला.

दुसरी गोष्ट मोबाईलची. माझ्या मनात होतं की चिठ्ठीबरोबर एसएमएसही पाठवावा. नंबर मागितले तर बहुतेकींनी नवऱ्याचा किंवा मुलाचा दिला. तिसऱ्या दिवशी बांगडीवाल्या वहिनी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "घरना मोबाईलवर नको धाडू." आज किती कमावलं हे घरी आधी पोचावं असं त्यांना नको होतं. मी त्याच संध्याकाळी एसएमएस बंद केले. समजा मी आधी अॅप काढून बसले असते, तर संदेश पाठवणं हाच त्याचा कणा असता.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. मला वाटायचं की भांडण बेरजेचं आहे. वहीत चुकतं, आकडे गाळले जातात. आठवडाभर मी बेरजा अचूक ठेवल्या, तरी बायांचे चेहरे उतरलेलेच. शेवटी विळावाल्या मावशींनी सांगितलं, "फडक्याची घट."

झालं होतं असं. कापूस जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधतात. तोल करताना मालक फडक्याचं वजन म्हणून गाठोड्यामागे एक किलो सरसकट कापतो. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेतावर गेले आणि सगळी रिकामी फडकी मोजली. सगळ्यात हलकं ३०० ग्रॅम, सगळ्यात जड ४५० ग्रॅम. म्हणजे गाठोड्यामागे अर्धा किलोहून जास्त कापूस फुकट जात होता. दिवसाला दोन गाठोडी धरली तर ११ ते १४ रुपये. सहा दिवसांचे सत्तर-ऐंशी रुपये. बाजारात त्यात तेल-मीठ येतं.

मी जिभाऊंशी बोलले. त्यांचीही बाजू होती. सकाळच्या कापसात दव असतं, पालापाचोळा येतो, आणि तो कापूस विकताना व्यापारी त्यांच्याकडूनही घट धरतो. खरं होतं. मग निंबाखाली बसून सगळ्यांसमक्ष ठरलं: फडकं सकाळी रिकामं मोजायचं आणि तेवढंच वजा करायचं. दवासाठी फक्त सकाळच्या पहिल्या गाठोड्यातून अर्धा किलो. दोन्ही चिठ्ठीवर वेगवेगळ्या ओळीत लिहायचं. त्या दिवसापासून चिठ्ठीवर चार ओळी आल्या: भरलेलं गाठोडं, फडकं, दव, निव्वळ तोल. माझं प्रॉडक्ट त्या दिवशी जन्मलं असं मी मानते. त्याआधी होता तो माझा अंदाज.

परदेशातल्या मोठ्या कंपन्यांनीही हेच केलेलं आहे. डोअरडॅश ही अमेरिकेतली जेवण घरपोच करणारी कंपनी २०१३ च्या जानेवारीत एका साध्या वेबपानावर सुरू झाली. पालो आल्टोतल्या काही हॉटेलांची मेनूकार्डं आणि एक फोन नंबर, बस. ऑर्डर आली की कंपनी काढणारी विद्यार्थी पोरंच जेवण उचलून पोचवायची. झॅपोस या चपला-बुटांच्या ऑनलाइन दुकानाची सुरुवात १९९९ ची. त्यात आधी जवळच्या दुकानातल्या जोड्यांचे फोटो काढून टाकले आणि मागणी आली की त्याच दुकानातून जोडा विकत घेऊन पाठवला. गोदाम नंतर आलं.

साधनं

यावर फार लिहिण्यासारखं नाही. वही, व्हॉट्सअॅप बिझनेस, गूगल फॉर्म, गूगल शीट, यूपीआयचा क्यूआर कोड, एवढ्यात बहुतेक कल्पनांची पहिली आवृत्ती चालते आणि यातलं जवळपास सगळं फुकट आहे. दोन खाचखळगे सांगून ठेवते. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच संदेश पोचतो. म्हणून समोरच्याच्या फोनमध्ये आपला नंबर तिथल्या तिथे सेव्ह करून द्या. आणि धंद्याच्या नावाने घाऊक एसएमएस पाठवायचे तर डीएलटी नावाच्या व्यवस्थेत आपलं नाव आणि संदेशाचा मजकूर आधी नोंदवावा लागतो. पहिल्या आठवड्यात त्या भानगडीत पडू नका.

कंपनीचं म्हणाल तर एकट्याने सुरू करायला कंपनी लागत नाही. उद्यम नोंदणी सरकारच्या पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते. त्यासाठी कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. सेवा देणाऱ्याला आपल्या राज्यात साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते. खायचा पदार्थ विकणार असाल, मग ते केळीचे वेफर्स असोत की कळण्याचं पीठ, तर मात्र एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी आधी, विक्री नंतर. आणि लोकांची नावं-नंबर घेताना ते कशाला घेतोय हे सांगून, विचारूनच घ्या. २०२३ पासून त्याचा कायदाही आहे, पण कायदा नसता तरी हेच बरोबर.

पैसे पहिल्या आठवड्यापासून मागा

बायांकडून एक रुपयाही घ्यायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. घेतला असता तर चिठ्ठी म्हणजे मजुरीतली आणखी एक घट झाली असती. पैसे मालकाकडून, संध्याकाळचे ५० रुपये. जिभाऊंनी पहिल्या आठवड्याचे ३०० रुपये दिले, पण कुरकुरत. हिशोब तर माझा मुलगा फुकट लिहितो म्हणाले, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून फोन केला. कारण असं झालं की शेजारच्या दोन शेतांतल्या बाया त्यांच्याकडे येऊ बघत होत्या. "चिठ्ठीवालं शेत" असं नाव पडलं होतं. ऐन वेचणीत आपल्याकडे मजूर मिळणं हीच सगळ्यात मोठी मारामार असते, आणि इथे न बोलावता चार बाया जास्त आल्या. तेव्हा मला उमगलं की जिभाऊ हिशोबाचे पैसे देणार नाहीत, टोळी टिकण्याचे देतील. वापरणारी बाई, पैसे देणारा मालक, आणि दोघांच्या गरजा वेगळ्या. चिठ्ठी तीच राहिली, पण शेजारच्या शेतकऱ्यांशी बोलताना मी "हिशोब पक्का राहील" म्हणणं सोडून "बाया टिकतील" म्हणू लागले. दोन शेतं त्याच आठवड्यात जोडली गेली, एकूण २२ बाया.

फुकट वाटलं असतं तर हे कळलं नसतं. पैसे मागितले की माणूस खरं बोलतो. नाही म्हणतो तेव्हा का नाही तेही सांगतो, आणि ते "का" वहीत उतरवून घेण्यासारखं असतं. पुढच्या हंगामात मी दर किलोमागे २५ पैसे केला. संध्याकाळचे ५० म्हटलं की लोकांना दुखायचं. १२ बायांच्या शेताला किलोमागे २५ पैसे म्हणजे शंभरच्या वर जातात, तरी ते सहज देतात, कारण शेतातला सगळा विचारच किलोत चालतो. दर सांगताना तुमच्या गिऱ्हाइकाचं माप वापरा.

मुदत आणि निकाल आधी लिहून ठेवा

बिलबुकाच्या पहिल्या पानावर मी सुरू करण्याआधी लिहिलं होतं: "दोन आठवडे. दुसऱ्या आठवड्याचे पैसे मालकाने न मागता दिले आणि नऊपैकी सहा बायांनी चिठ्ठी स्वतःहून मागितली, तर पुढे. नाहीतर बंद." हे आधी लिहिणं फार गरजेचं आहे. एकदा काम सुरू झालं की मन मऊ होतं. अजून एक आठवडा, अजून एक सुधारणा, असं करत हंगाम निघून जातो.

शेतीशी जोडलेलं काही असेल तर मुदत पीकच ठरवतं. पहिल्या वेचणीच्या पहिल्या आठवड्यात कुणालाही नवं काही ऐकायला वेळ नसतो. दुसरी वेचणी बरी, टोळी जमलेली असते आणि डोकं जरा शांत. फरदडीपर्यंत, म्हणजे हंगामाच्या शेवटी येणाऱ्या कापसापर्यंत, थांबलात तर कापूसही कमी आणि बायाही पांगलेल्या. लग्नसराईचं, सणावाराचं, शाळेचं काहीही असो, तुमच्या धंद्याची "दुसरी वेचणी" कधी येते ते शोधा आणि त्यात उतरा. उद्घाटन, नारळ, फ्लेक्स काही करू नका. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यामुळे चुका झाल्या त्या नऊ बायांसमोर, गावासमोर नाही.

मोजायचं काय? मी चार गोष्टी मोजायचे. एका गाठोड्याला लागणारी मिनिटं, आज आलेल्यांपैकी उद्या किती आल्या, बाजाराच्या दिवशी किती तक्रारी झाल्या, आणि चिठ्ठी द्यायला विसरले तर कितीजणी मागायला आल्या. शेवटची गोष्ट सगळ्यात बोलकी. ग्रुपमध्ये किती सदस्य झाले, स्टेटस कितीजणांनी पाहिलं, यातून काही कळत नाही.

चूक होणार, तिची तयारी

२०२३ च्या नोव्हेंबरच्या शेवटी उत्तर महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झाला. त्या संध्याकाळी तोल चालू असतानाच सरी आल्या. ताडपत्रीखाली मोबाईलच्या उजेडात मी घाईघाईने लिहीत होते आणि बोंडवाल्या बाईचं १४ किलोचं गाठोडं चंद्रवाल्या मावशींच्या चिठ्ठीवर चढवलं. वर मी शाईचं पेन वापरलं होतं. बायांनी चिठ्ठ्या कमरेच्या चंचीत ठेवल्या, त्या भिजल्या आणि आकडे पसरले. बाजाराच्या दिवशी मी सगळ्यांसमोर चूक सांगितली, १४० रुपये माझ्या पर्समधून बोंडवालीला दिले आणि चंद्रवाल्या मावशींकडून एक पैसाही परत घेतला नाही. त्यांनी स्वतः जास्तीचा तोल सांगितला होता, पण माझ्या चुकीचा भार त्यांच्यावर कशाला?

त्या दिवसानंतर तीन बदल झाले. बॉलपेन. बायांना चिठ्ठी ठेवायला प्लॅस्टिकची छोटी पाकिटं. आणि प्रत्येक तोल मोठ्याने, खुणेसकट दोनदा म्हणायचा: "बोंड, चौदा. बोंड, चौदा." आसपासच्या बाया ऐकतात आणि चुकलं तर तिथेच टोकतात. तुमच्या पहिल्या आवृत्तीतही अशी चूक होईल. ती भरून द्यायला थोडे पैसे बाजूला ठेवा आणि ती स्वतः जाऊन सांगा.

यंत्र कधी आणायचं

हात दुखतो तिथे. मला चिठ्ठी लिहिण्याचा त्रास नव्हता, गाठोड्याला मिनिटभर लागायचं. त्रास होता आठवड्याच्या बेरजेचा. २२ बाया, सहा दिवस, १३२ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर दोन गाठोडी. पहिल्या वेळी पावणेतीन तास लागले आणि रात्रीचे साडेअकरा झाले. म्हणून पहिलं यंत्र आलं ते फक्त बेरजेसाठी, गूगल शीटमध्ये. खुणेप्रमाणे रांगा, वाराप्रमाणे रकाने. काम वीस मिनिटांवर आलं.

दुसरं दुखणं पुढच्या हंगामात उघडं पडलं. शेतं वाढली आणि मी प्रत्येक काट्यापाशी उभी राहू शकत नव्हते. तिथे माझ्या मामेभावाने फोनवर चालणारं एक साधं पान करून दिलं. मालकाचा मुलगा तोल टाकतो आणि फोन तो आकडा मोठ्याने बोलतो. आवाज माझ्या आईचा आहे. मराठीत शंभरपर्यंत प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द, त्यामुळे तुकडे जोडून चालत नाही, शंभरच्या शंभर म्हणवून घ्यावे लागले. आईने ओसरीत बसून दोन दुपारी ते सगळे म्हटले, "साडे" आणि "पाव" वेगळे. म्हाताऱ्या बाया अजून विसा-विसाने मोजतात, म्हणून चाळिसाच्या पुढे "दोन विसा न पाच" असंही म्हणवून घेतलं. आईचा आवाज ऐकून पहिल्या दिवशी बाया फोनकडे वाकून बघत होत्या. कागदाची चिठ्ठी मात्र आजही आहे. ती काढायचा विचार मी बायांना विचारून सोडून दिला.

अमळनेरमध्ये कुणी धंद्याची गोष्ट काढली की विप्रोचं नाव निघतंच. १९४५ मध्ये ती कंपनी आमच्या गावात सुरू झाली, ती वनस्पती तूप बनवायला. संगणक कितीतरी वर्षांनी आले. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मला आता वेगळी ऐकू येते. या भागात भुईमूग होता, घराघरात तळण होतं, तिथून सुरुवात झाली.

उद्या संध्याकाळी तुम्ही तुमच्या पहिल्या गिऱ्हाइकाकडे जाणार असाल तर पिशवीत काय घ्याल, ते सांगून थांबते. कार्बनची बिलबुकं दोन. बॉलपेनं चार, कारण एक मालक घेतो आणि एक काळ्या मातीत पडतं. बॅटरी, मोबाईलची नको, वेगळी. प्लॅस्टिकची पाकिटं. सुट्टे पैसे. पाण्याची बाटली. पहिल्या पानावर मुदत आणि निकाल लिहिलेला असू द्या. आणि सकाळी एकदा जाऊन या, फडकी रिकामी असतानाच मोजायची असतात.